छळाच्या काळातले संगीत आणि मुंबईच्या गुरुवारच्या मैफली

१९३८ हे साल मराठवाड्याच्या माणसाला ‘वंदे मातरम्’ चळवळीमुळे आठवते. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात मुले प्रार्थनेला हे गीत म्हणत. निजामाच्या राज्यात त्यावर बंदी आली, मुले हटली नाहीत आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना सामावून घेतले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात ‘अधःपतित संगीत’ या नावाचे प्रदर्शन भरले होते. ज्यू संगीतकार, आधुनिक रचना आणि जॅझ यांची तिथे जाहीर विटंबना मांडली होती. या दोन घटनांची तीव्रता सारखी नाही. इकडे शिक्षण तुटले, तिकडे पुढच्या सात वर्षांत माणसांच्या पिढ्या मारल्या गेल्या. तरीही सत्ता गाण्याला का घाबरते, हे समजायला नांदेड-लातूरच्या वाचकाला युरोपपर्यंत जावे लागत नाही.

त्या प्रदर्शनात आणि त्यामागच्या राजवटीत ज्यांचे संगीत बाद ठरले, त्यांच्या चेंबर म्युझिकचे पुढे काय झाले? किती वाचले, कसे वाचले, आज ते कोण वाजवते? आणि या सगळ्यात महाराष्ट्राचा वाटा किती? शेवटचा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर मात्र ठोस आहे. नाझी छळातून निसटलेल्या एका संगीतकाराने मुंबईत बारा वर्षे काढली, इथे क्वार्टेट लिहिले, इथल्या वादकांना घेऊन ते वाजवले आणि इथल्या रागांचा अभ्यास केला. वॉल्टर कौफमान हे त्यांचे नाव.

चार वादक, एक खोली

चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांचे संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो मिळून स्ट्रिंग क्वार्टेट होते. तीन वादकांचे ट्रिओ, पाचांचे क्विंटेट, सातांचे सेप्टेट. प्रत्येक सूरमाळ एकाच वादकाकडे असते आणि समोर उभा राहून हात हलवणारा संचालक नसतो. वादक एकमेकांकडे पाहून, एकमेकांचा श्वास ओळखून वाजवतात. आपल्याकडच्या घरगुती बैठकीत गवई, तबलजी आणि पेटीवाला यांच्यात जो डोळ्यांचा संवाद चालतो, त्याच जातीची ही जवळीक आहे.

छळाच्या काळात हा प्रकार टिकण्यामागे व्यवहार्य कारणे होती. एप्रिल १९३३च्या कायद्याने जर्मनीत ज्यूंना सरकारी पदांवरून काढले. त्यात संगीतशाळा आणि सरकारी ऑपेरागृहे आलीच. ज्यू कलावंतांसाठी ‘कुल्टुरबुंड’ ही संस्था तेवढी उरली. १९४१पर्यंत ती चालली, पण ज्यूंनी ज्यूंसाठीच वाजवायचे ही तिची अट होती. ऑर्केस्ट्रा हातातून गेला, सभागृह गेले, प्रकाशक गेले. ज्याच्याकडे थोडा कागद आणि तीन-चार वादक मित्र होते, त्याला क्वार्टेट मात्र लिहिता येत होते.

हान्स गाल यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. व्हिएन्नाजवळ जन्मलेले गाल जर्मनीतल्या माइन्झच्या संगीतशाळेचे प्रमुख होते. १९३३ साली त्यांना पदावरून काढले आणि पुढे ते ब्रिटनला पोचले. तिथेही १९४०मध्ये ‘शत्रुराष्ट्राचा नागरिक’ म्हणून त्यांना लिव्हरपूलजवळच्या हायटन छावणीत कोंडले. छावणीत एक बासरी आणि दोन व्हायोलिन वाजवणारे सापडले, म्हणून गाल यांनी नेमक्या त्याच तीन वाद्यांसाठी ‘हायटन सुइट’ लिहिली. चेलो नाही, खर्जाचा आधार नाही, तरी रचना हलकी आणि प्रसन्न आहे.

अशा नजरकैदेची एक बाजू महाराष्ट्रातही घडली. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना अहमदनगरच्या छावणीत नेले. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. चौकशीनंतर त्यांतल्या अनेकांची सुटका झाली. पुढे पुरंदर आणि साताऱ्यालाही अशा छावण्या झाल्या.

तेरेझिनच्या वह्या

या विषयाचे सर्वांत दुःखद पान प्रागच्या उत्तरेला असलेल्या तेरेझिन या किल्लेवजा गावाचे आहे. नोव्हेंबर १९४१पासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. बोहेमिया-मोराव्हियातले कित्येक कलावंत तिथे एकत्र सापडले. सुरुवातीला संगीत लपूनछपून चाले. मग जगाला दाखवण्यासाठी सोयीचे म्हणून नाझींनीच त्याला मुभा दिली. हान्स क्रासा यांचा मुलांसाठीचा ऑपेरा ‘ब्रुंडिबार’ तिथे ५५ वेळा सादर झाला. प्रत्येक गाडीनिशी गाणारी मुले ऑशविट्झला जात आणि त्यांच्या जागी नवी मुले उभी राहत.

चेंबर म्युझिकच्या दृष्टीने तेरेझिनमधली तीन नावे महत्त्वाची. व्हिक्टर उलमान यांनी तिथे वीसहून अधिक रचना लिहिल्या. १९४३चे तिसरे स्ट्रिंग क्वार्टेट त्यांतलेच. क्रासा यांनी तीन तंतुवाद्यांसाठी छोट्या, तीक्ष्ण रचना केल्या. आणि गिडिऑन क्लाइन हा पंचविशीही न गाठलेला तरुण पियानोवादक. त्याने व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांची ट्रिओ ७ ऑक्टोबर १९४४ रोजी पूर्ण केली. तिचा मधला भाग एका मोराव्हियन लोकगीताच्या निरनिराळ्या रूपांवर उभा आहे. नऊ दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, क्लाइनला ऑशविट्झच्या गाडीत बसवले. उलमान, क्रासा आणि संगीतकार पावेल हास हेही त्याच गाडीत होते. हे तिघे पोचताच मारले गेले. क्लाइन जानेवारी १९४५मध्ये फ्युर्स्टेनग्रुबे या खाणीच्या छावणीत मरण पावला.

वह्या वाचल्या त्या माणसांच्या निष्ठेमुळे. उलमान यांनी जाण्याआधी आपली हस्तलिखिते तेरेझिनच्या ग्रंथालयाचे काम पाहणारे एमिल उटिट्झ यांच्याकडे सोपवली. उटिट्झ वाचले आणि युद्धानंतर त्यांनी ती लेखक एच. जी. आडलर यांना दिली. हास यांच्या तंतुवाद्यवृंदासाठीच्या रचनेची वादकांची पाने संचालक कारेल आन्चेर्ल यांना युद्धानंतर मिळाली. आन्चेर्ल स्वतः ऑशविट्झमधून जिवंत परतले होते. क्लाइनच्या रचना त्याच्या बहिणीने सांभाळल्या. तेरेझिनपूर्वीच्या त्याच्या काही रचना तर १९९० साली एका बंद सुटकेसमध्ये सापडल्या.

हास यांचे १९२५चे दुसरे क्वार्टेट ऐकले, की तेरेझिनच्या पलीकडचा माणूस दिसतो. संगीतकार यानाचेकच्या या शिष्याने मोराव्हियातल्या डोंगराळ भागातल्या सुटीवर ही रचना बांधली आणि शेवटच्या भागात चार तंतुवाद्यांच्या जोडीला जॅझचे तालवाद्यही घातले. प्रागचे एर्विन शुलहॉफही असेच खेळकर आणि धाडसी होते. त्यांची १९२३ची ‘पाच तुकडे’ ही क्वार्टेटसाठीची रचना नृत्यांच्या लयीवर चालते. १९४१मध्ये त्यांना अटक झाली आणि १८ ऑगस्ट १९४२ रोजी बव्हेरियातल्या व्युल्ट्सबुर्गच्या किल्ल्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. या संगीतकारांना फक्त मृत्यूच्या तारखेवरून ऐकणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा होणारा अन्याय आहे. मरण्याआधी ते आपल्या काळातले ताजे, चतुर, आनंदी संगीतकार होते.

जे वाचले, त्यांचे काय?

वाचलेल्यांची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. वॉर्साचे मिचिस्वाव वाइनबर्ग १९३९मध्ये एकटे पूर्वेला निसटले. आईवडील आणि बहीण मागे राहिली आणि मारली गेली. मिन्स्क, ताश्कंद असे करत १९४३मध्ये ते मॉस्कोला पोचले. १९४४चे त्यांचे पियानो क्विंटेट आज जगभर वाजते. एकूण १७ स्ट्रिंग क्वार्टेट त्यांनी लिहिली. पण हिटलरपासून सुटलेल्या या माणसाला स्टालिनच्या राज्यात फेब्रुवारी १९५३मध्ये पुन्हा तुरुंग पाहावा लागला. स्टालिन मेला, म्हणून ते सुटले.

शिमोन लाक्स यांनी ऑशविट्झमध्ये कैद्यांचा वाद्यवृंद चालवला. सुटून पॅरिसला परतल्यावर १९४५मध्ये त्यांनी तिसरे क्वार्टेट लिहिले, ते पोलिश लोकधुनांवर. म्युनिकचे पाउल फ्रांकनबुर्गर १९३३मध्ये पॅलेस्टाइनला गेले, पाउल बेन-हाइम झाले आणि तिथल्या येमेनी ज्यूंच्या गाण्यांकडे वळले.

क्लाइनची मोराव्हियन धून, लाक्स यांच्या पोलिश धुना, बेन-हाइम यांची येमेनी गाणी यांतून एक सूत्र दिसते. पायाखालची जमीन ओढून घेतलेले हे लोक पुन्हा पुन्हा कुठल्या तरी मातीतल्या गाण्याला धरून उभे राहिले. मुंबईला आलेल्या कौफमान यांची जागा याच रांगेत आहे आणि त्यांच्या वाट्याला आलेली माती आपली होती.

वॉर्डन रोडचा पाहुणा

वॉल्टर कौफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातल्या कार्ल्सबाडचा. बर्लिनला ते फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना शिकले आणि वाद्यांचे थोर अभ्यासक कुर्ट झाक्स यांच्या वर्गात बसले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी संगीतशास्त्राचा अभ्यास केला आणि गुस्टाव्ह मालर यांच्यावर प्रबंध लिहिला. पण आपले एक प्राध्यापक नाझी संघटनेत आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवीच नाकारली. श्रेकर यांनाही नाझींनी पदांवरून घालवले होते. मार्च १९३४मध्ये ते वारले. त्याच्या महिनाभर आधी त्यांचा शिष्य मुंबईच्या बंदरात उतरला होता.

मुंबईच का? व्हिसा सहज मिळत होता, हे कौफमान यांनी स्वतः दिलेले साधे कारण. इथे थोडे दिवस राहून परतण्याचा त्यांचा विचार होता. महालक्ष्मीजवळ, वॉर्डन रोडच्या परिसरात ते राहिले आणि १९४६पर्यंत राहिले. त्यांची पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची, त्यांच्या तीन बहिणींतली थोरली एली हिची मुलगी. काफ्कांच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या.

आल्यावर काही महिन्यांतच कौफमान यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल होई. व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर इटालियन वादक एडिजिओ वेर्गा आणि पियानोवर खुद्द कौफमान असत. मेहली मेहता यांनी १९३५मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढे जगभर गाजलेले संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव, जन्म १९३६. या घराची पहिली सांगीतिक हवा अशा तालमींची होती.

१९३७ ते १९४६ या काळात कौफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीच्या सभेआधी वाजणारी, १९३६च्या सुमाराची ती धून त्यांच्या नावावर मांडली जाते. तिच्या श्रेयासाठी इतरही नावे घेतली गेली, पण अभ्यासकांचा कल कौफमान यांच्याकडेच राहिला आहे. धून शिवरंजनीची: सा, रे, कोमल गंधार, पंचम, धैवत. खाली तंबोऱ्याचा झंकार, वर व्हायोलिन. निजामाचा डेक्कन रेडिओ १९५०मध्ये आकाशवाणीत आला. पुढे परभणी आणि नांदेडची केंद्रे सुरू झाली. मराठवाड्यातल्या कित्येक घरांची पहाट या धूनने उजाडली आहे. ती एका परागंदा ज्यू माणसाची रचना मानली जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

राग आणि क्वार्टेट

भारतीय संगीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तेव्हा कौफमान यांना त्यातले काही कळले नाही आणि आवडलेही नाही. ही गोष्ट ते मोकळेपणाने सांगत. पण हे संगीत माणसांनीच घडवलेले आहे, म्हणजे न समजण्यातला दोष ऐकणाऱ्याचा, असा त्यांचा तर्क होता. या एका तर्काने त्यांचे आयुष्य बदलले. पुढे ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १९६८मध्ये इंडियाना विद्यापीठाने काढला. त्याची मांडणी भातखंड्यांच्या दहा थाटांनुसार आहे. दक्षिणेकडच्या रागांवरचा ग्रंथ १९७६मध्ये आला. मध्य भारतातल्या गोंड आणि बैगा यांच्या लोकगीतांवरही त्यांनी लिहिले. त्यांचा हा लेख १९४१मध्ये अमेरिकेतल्या ‘म्युझिकल क्वार्टर्ली’त छापून आला. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडांच्या शेजारी राहणाऱ्या वाचकाला ही नोंद मोलाची वाटावी.

मग त्यांच्या क्वार्टेटमध्ये राग कितपत उतरतो? ख्यालाच्या अंगाने ऐकणाऱ्याची निराशा होईल. आलापाची संथ बढत तिथे नाही आणि समेवर येण्याची ओढही नाही. रागाचे चलन एकाच गळ्यातून उलगडते. क्वार्टेटमध्ये चार आवाज एकाच वेळी निरनिराळे स्वर धरतात आणि त्या गर्दीत रागाचे काटेकोर नियम टिकत नाहीत. कौफमान रागातली एखादी स्वरावली घेतात, खालच्या वाद्याला तंबोऱ्यासारखा आधारस्वर देतात, छोटी लयबद्ध आवर्तने फिरवतात आणि त्यावर युरोपीय शिस्तीने इमारत बांधतात.

याचे यश सर्वत्र सारखे नाही. पण त्यांचा प्रामाणिकपणा निर्विवाद आहे. त्या काळातले अनेक युरोपीय संगीतकार पूर्वेकडचा रंग वरवर फासत आणि निघून जात. कौफमान बारा वर्षे राहिले, शिकले, रेडिओवर राबले, चित्रपटांसाठीही संगीत केले आणि आपली भाषाच हळूहळू बदलत नेली. त्यांचे सातवे आणि अकरावे क्वार्टेट शेजारी ठेवून ऐकावे. त्यांतल्या तंतुवाद्यांच्या लांब ओळींमध्ये मध्य युरोपची खिन्नता आहे आणि हिंदुस्थानी स्वरांचा मोकळेपणाही. म्हणून या रचना जितक्या ज्यू परागंदांच्या इतिहासातल्या, तितक्याच महाराष्ट्राच्या संगीत-इतिहासातल्या आहेत. इतिहासांनी मात्र त्यांना दोन्ही बाजूंनी वगळले. इथे पाश्चात्त्य संगीत हे पारशी आणि गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचे म्हणून बाजूला ठेवले गेले आणि युरोपात कौफमान हे रागांचे अभ्यासक एवढेच उरले.

आज हातात काय आहे

मुंबई सोडल्यावर कौफमान ब्रिटनमार्गे कॅनडाला गेले. १९४८ ते १९५७ ते विनिपेग सिम्फनीचे पहिले संगीत-संचालक होते. नंतर निवृत्तीपर्यंत त्यांनी ब्लूमिंग्टनला इंडियाना विद्यापीठात शिकवले. ९ सप्टेंबर १९८४ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे आणि हस्तलिखिते त्याच विद्यापीठात आहेत.

त्यांच्या चेंबर म्युझिकला पहिला मोठा न्याय मिळाला २०२० साली. टोरंटोच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीतल्या एआरसी आँसाम्ब्ल या वादकगटाने चँडोस कंपनीसाठी संपूर्ण सीडी काढली. सातवे आणि अकरावे क्वार्टेट, व्हायोलिन-पियानोची दुसरी सोनाटा, क्लॅरिनेटसाठी बसवलेली बारावी सोनाटिना आणि एक सेप्टेट, असा तिचा ऐवज आहे. याच मालिकेत बेन-हाइम, लाक्स, युक्रेनचे दमित्री क्लेबानोव्ह आणि सेफार्डी ज्यूंची गाणी जमवणारे आल्बेर्तो हेम्सी यांच्याही रचना आल्या. त्याआधी १९८५मध्ये योझा कारास यांचे तेरेझिनच्या संगीतावरचे पुस्तक आले होते. १९९०च्या दशकात डेक्का कंपनीने ‘अधःपतित संगीत’ हेच नाव घेऊन बंदी आलेल्या रचनांची मालिका काढली. ॲमस्टरडॅमची लिओ स्मिट यांच्या नावाची संस्था डच संगीतकारांसाठी काम करते. स्मिट यांनी बासरी-पियानोची सोनाटा १९४३मध्ये पूर्ण केली आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सोबिबोर छावणीत ते मारले गेले.

म्हणजे शोधाचे काम जगात बरेच पुढे गेले आहे. रचना सापडल्या, छापल्या, ध्वनिमुद्रित झाल्या. मागे राहिले आहे ते ऐकणे. आणि तिथे मराठवाड्याला करण्यासारखे पुष्कळ आहे. नांदेडला गुरुद्वाऱ्यात रागदारीतले कीर्तन तंतुवाद्यांच्या साथीने ऐकलेले कान आहेत. अण्णासाहेब गुंजकर, नाथराव नेरळकर यांच्या परंपरेत शिकलेले गायक-वादक आहेत. रझाकारांच्या काळात घरदार सोडून उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेल्या कुटुंबांच्या आठवणी इथे अजून सांगितल्या जातात. परागंदा माणसाचे संगीत समजायला आणखी कुठली पूर्वतयारी हवी?

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या कला संकुलाने आणि लातूरच्या दयानंद कला महाविद्यालयाच्या संगीत विभागाने कौफमान यांच्या क्वार्टेटचे एक श्रवणसत्र ठेवावे. सोबत शिवरंजनी गाणारा कलावंत बसवावा आणि राग कुठे टिकतो, कुठे मोडतो, याची विद्यार्थ्यांसमोर उघड चर्चा व्हावी. आकाशवाणीच्या नांदेड केंद्राला तर आपल्याच धूनच्या कर्त्यावर अर्धा तास सहज देता येईल. ज्याला घरीच सुरुवात करायची आहे, त्याने आधी कौफमान यांचे अकरावे क्वार्टेट ऐकावे, मग क्लाइनची ट्रिओ आणि त्यानंतर वाइनबर्गचे पियानो क्विंटेट. तिन्ही रचना आज मोबाइलवर मिळतात.